डिजिटल ग्रंथसंग्रहातील अनिष्ट बदल मागे घेण्याचे काम : प्रकल्प नोंदी

सोमवार, ५ मे २०२५

सकाळी वाचनालय उघडल्यानंतर थोड्याच वेळात ग्रंथपाल मॅडमनी कळवले की वाचकांच्या संगणकावर ‘ज्ञानेश्वरी’ असा शोध घेतला तर एकही पुस्तक येत नाही. यादी हाताने चाळत गेल्यास मात्र ‘जञानशवरी’ अशी नोंद दिसते. बिघाड एका नोंदीपुरता नाही, हे यादीच्या पहिल्याच पानावर स्पष्ट झाले. ‘गुलामगिरी’चे ‘गलामगिरी’, ‘यमुनापर्यटन’चे ‘यमनापरयटन’ आणि ‘स्मृतिचित्रे’चे ‘समतिचितर’ झाले आहे. लेखकांच्या रकान्यात लक्ष्मीबाई टिळक ‘लकषमीबाई टिळक’ आणि श्रीधर व्यंकटेश केतकर ‘शरीधर वयकटश कतकर’ या नावांनी उभे आहेत. ‘कविता’, ‘नाटक’, ‘इतिहास’ हे विषय मात्र जसेच्या तसे राहिले आहेत, आणि बहुधा त्यामुळेच शनिवार-रविवारी कोणाच्या काही लक्षात आले नाही.

आमचा डिजिटल विभाग ई-पुस्तकांचा संग्रह सांभाळणाऱ्या कॅलिबर या मुक्त प्रणालीवर चालतो. तिची रचना सोपी आहे : प्रत्येक पुस्तकाचा एक फोल्डर, त्यात पुस्तकाची फाइल, मुखपृष्ठ आणि नोंदीची एक छोटी प्रत, आणि या सर्वांच्या वर ‘मेटाडेटा डॉट डीबी’ ही एकच एसक्यूलाइट (एका फाइलीत मावणाऱ्या डेटाबेसची) फाइल, जिच्यात सगळ्या नोंदी असतात. महिन्याच्या सुरुवातीला सर्व नोंदी निवडून एका प्लगइनच्या, म्हणजे कॅलिबरला जोडलेल्या छोट्या पूरक कार्यक्रमाच्या साहाय्याने त्यांतील दुहेरी मोकळ्या जागा आणि शेवटी राहिलेले स्वल्पविराम काढण्याचा आमचा जुना प्रघात आहे. शुक्रवारी, २ मे रोजी संध्याकाळी हे काम नेहमीप्रमाणे झाले. फरक इतकाच की त्या दिवशी दुपारी प्लगइनची नवी आवृत्ती बसली होती.

कारणाच्या मागे लागण्याआधी पसरणे थांबवले. प्लगइन बंद केले. शाखेकडे दर सोमवारी रात्री जाणारी प्रत रोखली, त्यामुळे शाखेतील संग्रह अजून शाबूत आहे. रात्रीच्या प्रतीचे काम स्थगित केले. वाचकांसाठीचा सर्व्हर चालू ठेवला, पण नोंदी बदलण्याचे अधिकार सर्वांकडून काढून घेतले. त्यानंतर सर्व्हर क्षणभर थांबवून बिघडलेल्या अवस्थेतील डेटाबेसची एक प्रत वेगळ्या डिस्कवर ठेवली. बिघडलेली प्रत कशाला जपायची, असा प्रश्न कार्यवाहांनी विचारला. नेमके काय बिघडले हे सांगणारा पुरावा तोच आहे. दुरुस्तीच्या धांदलीत तो पुसला गेला, तर पुढचे सगळे काम अंदाजावर करावे लागेल.

मंगळवार, ६ मे

कॅलिबरचे प्लगइन म्हणजे पायथन भाषेतील फाइलींचे एक झिप गाठोडे असते, त्यामुळे आत काय आहे ते वाचता येते. नव्या आवृत्तीत ‘स्वराघात काढा’ असा एक पर्याय आला आहे आणि तो आपोआप चालू स्थितीत असतो. त्यामागचा विचार युरोपीय भाषांसाठीचा आहे : फ्रेंच किंवा स्पॅनिश अक्षरांवरील टिंबे आणि रेघा काढून टाकल्या की साध्या कळफलकावरून शोध घेता येतो. त्यासाठी मजकूर आधी युनिकोडच्या (संगणकावर प्रत्येक लिपीतील अक्षराला क्रमांक देणाऱ्या प्रमाणपद्धतीच्या) विघटित रूपात नेला जातो, म्हणजे अक्षर आणि त्यावरचे चिन्ह सुटे केले जाते, आणि मग ‘एमएन’ या वर्गातील, म्हणजे ओळीत स्वतःची जागा न घेणारी सर्व जोडचिन्हे गाळली जातात.

फ्रेंचमध्ये असे चिन्ह गेले तरी शब्द बहुतेक वेळा ओळखता येतो. देवनागरीत त्याच वर्गात ऱ्हस्व आणि दीर्घ उकार, ऋकार, एक आणि दोन मात्रा, चंद्र, अनुस्वार, चंद्रबिंदू, नुक्ता आणि पाय मोडण्याचे चिन्ह येते. काना, दोन्ही वेलांट्या आणि विसर्ग हे ‘एमसी’ या वर्गात, म्हणजे जागा घेणाऱ्या चिन्हांत मोडतात. ओकार आणि औकार आपण काना देऊन वर मात्रा काढून लिहितो, पण युनिकोडात त्यांना एकेक स्वतंत्र सांकेतांक (ठरलेला क्रमांक) आहे आणि तोही ‘एमसी’मध्येच आहे. म्हणूनच ‘जोतीराव’ वाचले आणि ‘फुले’ यांचे ‘फल’ झाले.

यावरून दोन गोष्टी निश्चित झाल्या. पहिली अशी की बिघडलेल्या मजकुरावरून मूळ मजकूर कोणत्याही युक्तीने परत काढता येणार नाही. ‘शती’ असे दिसले, तर ते मुळात ‘शती’ होते की ‘शेती’, आणि ‘कला’ असे दिसले, तर ते ‘कला’ होते की ‘केला’, हे त्या अक्षरांतून कळणे अशक्य आहे. दुसरी गोष्ट पुढच्या कामासाठी अधिक महत्त्वाची आहे : हा बदल पूर्णपणे नियमबद्ध आहे. शाबूत मजकूर हाती दिला, तर त्याचा बिघाड कसा दिसेल हे आपण अचूक सांगू शकतो. उलट वाट बंद असली तरी सुलट वाट उघडी आहे.

वर्णनाचा रकाना प्लगइनने हातही न लावता सोडला आहे. शीर्षक, लेखक, विषय, मालिका आणि प्रकाशक एवढ्यांचेच नुकसान झाले आहे. पुस्तकांच्या आतील मजकुराला कोठेही धक्का लागलेला नाही.

बुधवार, ७ मे

मार्ग ठरवण्यासाठी बैठक झाली. तीन सूचना पुढे आल्या आणि त्यांतील दोन नाकारण्याची कारणे येथे नोंदवणे आवश्यक वाटते, कारण असा प्रसंग आला की सर्वांत आधी याच दोन सुचतात.

पहिली सूचना कॅलिबरमध्येच असलेल्या ‘डेटाबेस पुन्हा उभारा’ या सोयीची होती. ही सोय प्रत्येक पुस्तकाच्या फोल्डरमधील नोंदीच्या छोट्या प्रतीवरून मुख्य डेटाबेस नव्याने तयार करते आणि डेटाबेसची फाइल खराब झाली असेल तेव्हा ती अत्यंत उपयोगी पडते. आमची फाइल खराब झालेली नाही. तिच्यातील मजकूर चुकीचा आहे. नोंद बदलली की कॅलिबर मागच्या मागे ती छोटी प्रतही नव्याने लिहिते, आणि शुक्रवार संध्याकाळपासून सोमवार सकाळपर्यंत प्रणाली चालूच असल्याने सर्व प्रती बिघडलेल्या रूपात लिहून झाल्या आहेत. पंधरा-वीस फोल्डर उघडून हे तपासले. ही सोय वापरली असती तर बिघडलेल्या नोंदींवरून बिघडलेला डेटाबेस तयार झाला असता, शिवाय जतन केलेले शोध आणि आपण केलेले वर्ग यांसारख्या गोष्टी गमावण्याचा धोका पत्करावा लागला असता.

दुसरी सूचना म्हणजे जुनी प्रत सरळ वर ठेवणे. रात्रीची प्रत दररोज आधीच्या प्रतीवरच लिहिली जाते, त्यामुळे शुक्रवारच्या रात्रीनंतर तिच्यात बिघाडच आहे. वेगळी ठेवलेली आणि शाबूत असलेली प्रत रविवार, २७ एप्रिलची आहे. ती जशीच्या तशी वर ठेवली, तर मधल्या दिवसांतील काम नाहीसे होईल. आणि ते दिवस साधे नव्हते. १ मे रोजी, महाराष्ट्र दिनी, सुट्टीवर आलेल्या महाविद्यालयीन स्वयंसेवकांनी नवीन पुस्तके दाखल करण्याचा मोठा कार्यक्रम केला, आणि त्याच्या आदल्या दोन दिवसांत मॅडमनी मालिकांचे क्रमांक दुरुस्त केले. वाचकांनी ब्राउझरमध्ये वाचताना केलेल्या खुणा आणि त्यांचे वाचन कोठपर्यंत आले याची नोंदही याच डेटाबेसमध्ये असते. एक नुकसान भरून काढताना वाचकांचे आणि स्वयंसेवकांचे दुसरे नुकसान करायचे नाही, यावर सर्वांचे एकमत झाले.

तिसरा आणि स्वीकारलेला मार्ग असा आहे. २७ एप्रिलच्या प्रतीतील प्रत्येक मूल्यावर प्लगइनची तीच क्रिया आपण स्वतः करायची आणि निष्पन्न झालेला मजकूर आजच्या डेटाबेसमधील मजकुराशी जुळवायचा. जुळला, तर त्या जागी त्या प्लगइनशिवाय दुसरा कोणताही बदल झालेला नाही, म्हणून जुने मूल्य निर्धास्तपणे परत ठेवायचे. जुळला नाही, तर मधल्या काळात माणसाचा हात लागला आहे असे समजून ती नोंद वेगळी काढायची आणि माणसानेच पाहायची. जुन्या प्रतीत नसलेल्या नोंदी हा तिसरा गट. नोंदींची ओळख पटवताना शीर्षकाचा आधार घेता येणार नाही हे उघड आहे. प्रत्येक पुस्तकाला कॅलिबरने दिलेला आणि कधीही न बदलणारा यूयूआयडी, म्हणजे एकमेव ओळखक्रमांक, हाच दोन्ही प्रतींना जोडणारा धागा राहील.

शुक्रवार, ९ मे

तुलनेचा कार्यक्रम लिहून दोन्ही डेटाबेसच्या प्रतींवर केवळ वाचनासाठी चालवला. बहुसंख्य नोंदी पहिल्याच फेरीत जुळल्या. न जुळलेल्यांमध्ये मॅडमनी दुरुस्त केलेल्या मालिका अपेक्षेप्रमाणे आल्या, पण त्यांच्यासोबत असा एक गट आला ज्याला कोणी हात लावल्याची शक्यता नव्हती. डोळ्यांना दोन्ही बाजूंचा मजकूर अगदी सारखा दिसत होता.

सांकेतांक एकेक करून छापल्यावर उलगडा झाला. त्या सर्व शीर्षकांत ‘दऱ्या’, ‘वाऱ्यावर’ अशा शब्दांत येणारा, पुढील व्यंजनाच्या डावीकडे आडवा लिहिला जाणारा अर्धा ‘र’ होता. संगणकावर हे अक्षर लिहिण्याचे दोन मार्ग प्रचलित आहेत. एका मार्गात ‘ऱ’ हे स्वतंत्र अक्षर घेऊन त्याचा पाय मोडतात. दुसऱ्या, जुन्या मार्गात साध्या ‘र’चा पाय मोडून त्यापुढे झीरो विड्थ जॉइनर हे डोळ्यांना न दिसणारे चिन्ह ठेवतात, ते चिन्ह नसेल तर तेथे रफार होतो आणि ‘दऱ्या’चा ‘दर्या’ बनतो. आचाऱ्यांना द्यायचे आमंत्रण आचार्यांना जाते ते याच फरकामुळे. माझ्या कार्यक्रमाने जोडचिन्हे काढली पण हे अदृश्य चिन्ह राहू दिले. प्लगइनने मात्र दुसऱ्या एका पायरीवर सर्व अदृश्य चिन्हेही गाळली होती. ती पायरी फाइलींच्या गाठोड्यात वेगळ्या ठिकाणी होती. ‘ऱ’ने लिहिलेल्या शब्दांत हा प्रश्न आला नाही, कारण विघटन करताना ‘ऱ’चे ‘र’ आणि नुक्ता असे दोन भाग होतात आणि नुक्ता गळला की साधा ‘र’ उरतो.

दुरुस्ती करून तुलना पुन्हा चालवली. आता न जुळणाऱ्या नोंदी उरल्या त्या मूठभर, आणि त्या सर्वांमागे माणसांची नावे सांगता येतात.

एक निर्णय येथेच नोंदवतो. जुन्या प्रतीत अर्धा ‘र’ ज्या मार्गाने लिहिला आहे, त्याच मार्गाने तो परत ठेवला जाईल. दोन्ही मार्ग एक करून टाकण्याचा मोह आहे आणि ते कधीतरी करावेही लागेल, कारण एका पद्धतीने लिहिलेला शब्द शोधताना दुसऱ्या पद्धतीचा हुकू शकतो. पण बदल मागे घेण्याच्या कामात नवा बदल मिसळला, तर जुळणीची कसोटीच निकामी होईल.

शनिवार, १० मे

संपूर्ण संग्रहाची चाचणी-प्रत तयार करून तिच्यावर प्रत्यक्ष परतीचा प्रयोग केला.

एसक्यूलाइटच्या साध्या साधनाने डेटाबेस उघडून शीर्षके थेट बदलावीत, असे एका स्वयंसेवकाने सुचवले होते. वाचन होते, पण शीर्षक बदलायला गेल्यास ‘टायटल सॉर्ट’ नावाचे फंक्शन उपलब्ध नाही असा नकार येतो. शीर्षक बदलले की क्रमवारीसाठीचे रूपही बदलावे म्हणून डेटाबेसमध्ये एक ट्रिगर (बदल होताच आपोआप चालणारी आज्ञा) बसवलेला आहे आणि त्याला लागणारे फंक्शन कॅलिबर स्वतः पुरवते. बाहेरच्या साधनाजवळ ते नसते. ट्रिगर काढून टाकून काम उरकण्याचे सल्ले मिळतात, पण ते ऐकण्यासारखे नाहीत, कारण नाव बदलल्यावर फोल्डरचे नावही बदलावे लागते आणि तेही कॅलिबरच करते. म्हणून कॅलिबरसोबत येणाऱ्या ‘कॅलिबर डीबग’ या साधनातून, त्याच्याच अंतर्गत पायथन कार्यपद्धती वापरून काम करायचे ठरले.

लेखक, विषय, मालिका आणि प्रकाशक यांच्या बाबतीत पुस्तकागणिक नवीन मूल्य भरण्याऐवजी त्या त्या नावाचेच पुनर्नामकरण केले. असे केल्याने नावाचा अंतर्गत क्रमांक तोच राहतो आणि एका लेखकाची सर्व पुस्तके एका कृतीत सुधारतात. ज्या ठिकाणी दोन नावे बिघडून एक झाली आहेत, तेथे ही पद्धत चालत नाही. ती नावे वेगळी ठेवली आहेत.

लेखकांच्या क्रमवारीच्या रूपाकडे स्वतंत्र लक्ष द्यावे लागले. कॅलिबर आपल्या नेहमीच्या रीतीने नावातील शेवटचा शब्द पुढे आणते, आणि ‘हरी नारायण आपटे’ यांचे ‘आपटे, हरी नारायण’ होणे योग्यच आहे. परंतु ‘ज्ञानेश्वर महाराज’ यांचे ‘महाराज, ज्ञानेश्वर’ झाले तर अर्धे संतवाङ्मय ‘म’ या अक्षराखाली गोळा होते. ही रूपे मॅडमनी पूर्वी हाताने सुधारलेली होती. पुनर्नामकरण केले की कॅलिबर ती पुन्हा आपल्या रीतीने तयार करते, म्हणून जुन्या प्रतीतील रूपे शेवटच्या पायरीवर स्वतंत्रपणे परत ठेवली.

चाचणी-प्रतीवरील निकाल मॅडमनी स्वतः तपासले. संतांची यादी त्यांनी सर्वांत आधी उघडली.

सोमवार, १२ मे

बुद्धपौर्णिमेनिमित्त वाचनालय बंद असल्याने खऱ्या संग्रहावरील काम आज केले. वाचकांचा सर्व्हर बंद केला, कॅलिबरची खिडकी बंद असल्याची खात्री केली (दोन कार्यक्रमांनी एकाच वेळी संग्रह हाताळू नये), ताजी प्रत घेतली आणि काम सुरू केले.

दुपारी वळवाच्या पावसात वीज गेली आणि यूपीएसने दम तोडण्याआधी सर्व्हर बंद करावा लागला. अर्धवट अवस्थेची भीती नव्हती, कारण कार्यक्रम प्रत्येक मूल्य बदलण्याच्या क्षणी ते अजून बिघडलेल्याच रूपात आहे का, हे पुन्हा पाहतो आणि सुधारलेल्या नोंदीला हात लावत नाही. वीज आल्यावर तोच कार्यक्रम सुरुवातीपासून चालवला; झालेले काम त्याने ओलांडले आणि उरलेले पूर्ण केले. संध्याकाळी ‘ज्ञानेश्वरी’चा शोध लागला.

मंगळवार, १३ मे

कॅलिबरमधील संग्रह-तपासणी चालवली. काही रिकामे फोल्डर मागे राहिले होते, ते काढले. हरवलेली फाइल एकही नाही.

फोल्डरच्या नावांबाबत थोडे लिहायला हवे, कारण शाखेकडील प्रतीचा प्रश्न त्यात गुंतलेला आहे. कॅलिबर फोल्डरची नावे लेखक आणि शीर्षक यांचे रोमन लिप्यंतर करून, शेवटी नोंदीचा क्रमांक जोडून तयार करते. शीर्षक बदलले की फोल्डरचे नाव बदलते. प्लगइनमुळे जवळजवळ सर्व फोल्डरांची नावे बदलली होती आणि काल ती पुन्हा बदलली. प्रत पाठवण्यासाठी आम्ही आरसिंक हे केवळ बदललेल्या फाइली पाठवणारे साधन वापरतो, आणि नाव बदललेला फोल्डर त्याला नवीनच वाटतो. म्हणजे मधल्या काळात प्रत गेली असती, तर स्कॅन केलेल्या जडजड पीडीएफ फाइली शाखेच्या मंद जोडणीवरून आधी एकदा आणि आता पुन्हा एकदा गेल्या असत्या. सोमवारी ती रोखल्याचा फायदा आज दिसला. आरसिंक प्रत्यक्ष काही न पाठवता केवळ ‘काय पाठवले असते’ याची यादी करण्याच्या रीतीने चालवला. यादीत डेटाबेस, नव्याने लिहिलेल्या नोंदीच्या छोट्या प्रती आणि २८ एप्रिलनंतर दाखल झालेली पुस्तके एवढेच आले. जुन्या पुस्तकाची एकही ईपब (ई-पुस्तकाची) किंवा पीडीएफ फाइल आली नाही. याचा अर्थ फोल्डरांची नावे अक्षरशः पूर्वीसारखी झाली आहेत. आमच्या कार्यक्रमाशी संबंध नसलेल्या एका साधनाने दिलेली ही साक्ष मला सर्वांत समाधानकारक वाटली.

गुरुवार, १५ मे

आता उरलेला आणि सर्वांत किचकट गट म्हणजे १ मे रोजी दाखल झालेली पुस्तके. ती जुन्या प्रतीत नाहीत, आणि दाखलनोंद वहीत ती चढवण्याचे काम मे महिन्याच्या दुसऱ्या आठवड्यासाठी राखून ठेवलेले होते.

ज्या पुस्तकांच्या ईपब फाइली मराठी विकिस्रोत या मुक्त ऑनलाइन ग्रंथालयातून घेतल्या आहेत, त्यांचा प्रश्न लवकर सुटला. कॅलिबर संग्रहातील नोंद बदलली तरी पुस्तकाच्या फाइलीच्या आतील नोंद आपणहून बदलत नाही. ती बदलते ती पुस्तक बाहेर पाठवताना किंवा मुद्दाम सांगितल्यावर. त्यामुळे या फाइलींच्या पोटात शीर्षक आणि लेखक शाबूत होते. तेथेही तीच कसोटी लावली : फाइलीतील शीर्षकाचा बिघाड करून पाहिला आणि तो आजच्या नोंदीशी जुळला तरच शीर्षक स्वीकारले.

स्कॅन केलेल्या पीडीएफ फाइलींच्या पोटात बहुधा स्कॅनरच्या सॉफ्टवेअरचे नाव किंवा काहीच नसते. त्यांच्यासाठी एक अनपेक्षित आधार सापडला. गुरुवार, १ मेच्या रात्रीची प्रत जरी नंतर पुसली गेली, तरी त्या रात्री कोणत्या फाइली गेल्या याची आरसिंकची नोंदवही शिल्लक आहे, आणि तिच्यात बिघाडापूर्वीची फोल्डरांची रोमन नावे आहेत. या लिप्यंतरात उकार, मात्रा, ऋकार, अनुस्वार सर्व दिसतात. व्यंजनातील अंतर्भूत ‘अ’ मात्र त्यात लिहिला जात नाही, त्यामुळे पूर्ण व्यंजन आणि पाय मोडलेले व्यंजन यांत भेद राहत नाही. बिघडलेल्या नोंदीतून व्यंजने, काने आणि वेलांट्या घ्यायच्या, रोमन नावातून उकार, मात्रा आणि अनुस्वार घ्यायचे, आणि जोडाक्षरे कोठे आहेत तेवढे माणसाने ठरवायचे, अशी पद्धत बसवली. लांबलचक शीर्षकांची फोल्डरनावे कॅलिबर मध्येच तोडते, तेथे हा आधारही अपुरा पडला.

स्वयंसेवकांपैकी दोघांनी जोडाक्षरे सवयीने झपाट्याने भरत आणली होती. ते थांबवून मुखपृष्ठ आणि आतले शीर्षकपान पाहिल्याशिवाय कोणतीही नोंद पक्की करायची नाही, असा नियम केला. यामागे केवळ काटेकोरपणा नाही. एकोणिसाव्या शतकातील पुस्तकांत ‘घरांत’, ‘नांव’, ‘पुस्तकें’ असे लिहिले जाई. अशा शब्दांवरील अनुच्चारित अनुस्वार पुढे १९६२च्या शुद्धलेखन नियमांनी वगळले. आज शिकलेला विद्यार्थी ‘घरात’ असे भरेल, त्याला त्यात काही चुकल्यासारखे वाटणार नाही, आणि नोंद नकळत आधुनिक होऊन बसेल. वाचकाला शोधण्यासाठी आधुनिक रूपही हवे, हे मॅडमचे म्हणणे रास्त आहे; त्यासाठी वेगळा रकाना ठेवता येईल. शीर्षकाच्या रकान्यात शीर्षकपानावर छापले आहे तेच असावे.

एका पुस्तकाचे शीर्षकपान स्कॅनमध्येच नाही. त्याची नोंद तूर्त बिघडलेल्या रूपात ठेवून वर्णनात तसा शेरा लिहिला आहे. मूळ प्रत ज्यांच्या घरून आली त्यांच्याकडे स्वयंसेवक रविवारी जाऊन येतील.

सोमवार, १९ मे

एकत्र झालेल्या नावांची यादी आज हातावेगळी केली. विषयांमध्ये ‘पत्र’ आणि ‘पत्रे’ दोन्ही बिघडून ‘पतर’ झाले होते. लेखकांमध्ये लक्षात राहील असे प्रकरण विष्णुशास्त्री चिपळूणकरांचे आहे : काही नोंदींत ‘विष्णु’ असा ऱ्हस्व उकार होता आणि काहींत ‘विष्णू’ असा दीर्घ, आणि दोन्ही उकार गळाल्याने दोन नोंदींची एकच ‘विषणशासतरी चिपळणकर’ झाली.

या ठिकाणी बैठकीत बराच वेळ चर्चा झाली. व्यक्ती एकच असल्याने नोंदीही एकच असावी, मग पुन्हा दोन करून परत एक करण्याचा द्राविडी प्राणायाम कशाला, असे कार्यवाहांचे म्हणणे होते. ते चुकीचे नाही. तरीही मी वेगळे करण्याचा आग्रह धरला, कारण कोणती नावे एक मानायची हा ग्रंथपालांचा निर्णय आहे आणि तो एखाद्या अपघाताच्या हातून झालेला असू नये. शिवाय ‘पत्र’ आणि ‘पत्रे’ यांच्या बाबतीत मॅडमनी सांगितले की पहिल्याखाली वृत्तपत्रांचे अंक आणि दुसऱ्याखाली पत्रव्यवहाराचे संग्रह ठेवले आहेत, म्हणजे तेथील एकत्रीकरण सरळसरळ चूक ठरले असते. सर्व नावे २७ एप्रिलच्या प्रतीप्रमाणे, पुस्तकागणिक मूल्ये भरून, वेगळी केली. त्यानंतर मॅडमनी चिपळूणकरांच्या दोन नोंदी स्वतः एक केल्या, ऱ्हस्व उकार ठेवून.

लेखकांच्या नावांना जोडलेले काही दुवे एकत्रीकरणात गळाले होते, तेही जुन्या प्रतीतून परत आणले.

गुरुवार, २२ मे

प्लगइनच्या विकासकाला सविस्तर निवेदन पाठवले. त्यात तक्रारीचा सूर न ठेवता, देवनागरीत कोणती चिन्हे ‘एमएन’ वर्गात मोडतात याची यादी आणि आधीचे-नंतरचे काही नमुने दिले. बंगाली, गुजराती, तमिळ अशा अन्य भारतीय लिप्यांतही अशी चिन्हे असल्याने नुकसान मराठीपुरते नाही, हेही कळवले. हा पर्याय केवळ रोमन लिपीतील अक्षरांपुरता मर्यादित ठेवावा आणि मुळात बंद स्थितीत असावा, अशी विनंती आहे. स्वराघात न लिहिता शोध घेता यावा, ही मूळ गरज कॅलिबरच्या शोधात आधीच भागवलेली आहे : साठवलेला मजकूर न बदलता, तुलना करतानाच असे भेद दुर्लक्षित करण्याचा पर्याय त्यात आहे.

आमच्याकडील बदल असे. प्लगइनची जुनी आवृत्ती परत बसवली असून नव्या आवृत्तीची चाचणी आधी वेगळ्या छोट्या संग्रहावर होईल. त्या संग्रहात ‘स्मृतिचित्रे’, अर्धा ‘र’ असलेली दोन्ही पद्धतींची शीर्षके आणि जुन्या अनुस्वारांची काही शीर्षके मुद्दाम ठेवली आहेत. रात्रीच्या प्रतीसोबत सर्व नोंदींची साध्या मजकुरातील यादी दररोज नव्या तारखेच्या फाइलीत लिहिली जाईल. ती अत्यंत लहान असल्याने वर्षभर ठेवण्यास अडचण नाही. आदल्या दिवसाच्या यादीशी तुलना करून एका रात्रीत ठरावीक प्रमाणापेक्षा जास्त शीर्षके बदललेली आढळली, तर शाखेकडे जाणारी प्रत आपोआप थांबेल आणि मॅडमना व मला ईमेल येईल. ते प्रमाण किती ठेवायचे यावर अजून एकमत नाही, कारण १ मेसारख्या दिवशी खरोखरच पुष्कळ नोंदी बदलतात. नवीन दाखल पुस्तके मोजणीतून वगळून पाहायचे ठरले आहे.

नोंदी बदलण्याचे अधिकार आज दुपारी सर्वांना परत दिले. शीर्षकपान नसलेल्या पुस्तकाची मूळ प्रत रविवारी मिळाली, पण तिचीही पहिली काही पाने गेलेली आहेत; शेवटच्या पानावरील जाहिरातीत पुस्तकाचे नाव छापलेले आहे आणि ते रोमन फोल्डरनावाशी जुळते, म्हणून ‘शीर्षक जाहिरातीवरून’ असा शेरा देऊन नोंद पूर्ण केली.